रविवारचं पान

इंगवले सरांविषयी लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून मोकळा होतो. त्यांच्या पोरांच्या वहीत मी चौदा खोटे आकडे लिहिले होते, आणि तीच वही घेऊन पोरं सांगलीच्या प्रदर्शनात जाणार होती. बाकीचं सावकाश सांगतो. मला आता घाई कसलीच नाही.

कडेगावच्या अलीकडं एका गावात हायस्कूल आहे, तिथं मी शिपाई होतो. शिक्षण चौथी. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पाणी भरायचं, कोणी साहेब आला तर चहा. पोरं मला मामा म्हणायची, मास्तर लोकही मामाच म्हणायचे. एकटे इंगवले सर हणमंतराव म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी तशी हाक मारली तेव्हा मी मागं वळून बघितलं, दुसरा कोण आला का म्हणून.

सर लोणंदकडचे. विज्ञान शिकवायचे. अंगानं उंच, मानेत थोडे वाकलेले, आणि चालताना कायम दुसऱ्याच कुठल्या गावात असल्यासारखे. हिवाळ्यात शाळेच्या चारी बाजूंना उसाला तुरे येतात, सकाळच्या धुक्यात ते पांढरे तुरे वर तरंगतात आणि खालचा ऊस दिसतच नाही. तसल्यातनं सर यायचे. आधी डोकं दिसायचं, मग खांदे, मग पिशवी. मला आजही ते तसेच दिसतात, पाय नसलेले.

त्यांची एक खोड होती. रस्ता ओलांडला की थांबायचे आणि वळून ओलांडलेल्या रस्त्याकडं बघायचे. मी एकदा विचारलं, "सर, काय राहिलं का मागं?"

"आलो कसा ते बघतोय."

"आला न्हवं नीट?"

"नीट पोचलो म्हणून नीट ओलांडला असं कुठं हाय, हणमंतराव? आत्ता उसाचा ट्रॅक्टर येत नव्हता म्हणून पोचलो. मी तर बघितलंच नव्हतं."

मला वाटलं, माणूस जरा हलकाच आहे डोक्यानं. हळूहळू कळलं, त्यांचं सगळं शिकवणंच असं आहे. पोरांनी प्रयोग केला की उत्तर बरोबर का चूक हे सर विचारतच नसत. "कसं आलं ते सांग," म्हणायचे. पोरगं सांगायला लागलं की मधेच, "ह्यात दिसलं किती आणि वाटलं किती?" पोरांच्या वह्या ते मागच्या बाजूनंही सुरू करायला लावायचे. पुढून प्रयोग, मागून आपलं कुठं चुकलं असेल ते. काही पोरांची मागची बाजू पुढच्यापेक्षा जाड व्हायची. सरांना ती पोरं आवडायची.

हेडसर एकदा म्हणाले, "नववी ब फार दंगा करते." सर शांतपणे म्हणाले, "दिसलं किती आणि वाटलं किती?" हेडसरांनी चार दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं.

स्वतःलाही सोडत नसत. तास संपला की फळा पुसायच्या आधी शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे आणि आपलाच फळा वाचायचे. कधी उठून परत फळ्याकडं जायचे, एखाद्या ओळीवर एकच रेघ मारायचे. "इथं मी चुकलो. खोडलंय, पण वाचता येईल असं खोडलंय. बघून घ्या." मास्तर चुकला म्हटल्यावर पोरं किती खूश होतात ते शिपायालाच ठाऊक, कारण तो दारात उभा असतो.

मटकीची गोष्ट सांगतो. पोरांना घरी मोड आणायला सांगितले होते, कुठल्या मटकीला किती पाणी, किती दिवसांत मोड. एका पोराची मटकी कुजली. मार बसंल म्हणून त्यानं आईनं उसळीसाठी वाफवून ठेवलेली मूठभर उचलली आणि वाटीत घालून आणली. मोड असे लांब की सगळा वर्ग उठून बघायला लागला. सरांनी एक दाणा उचलला, तोंडात टाकला, चावला.

"काय रं, ह्या प्रयोगात मीठ कुठनं आलं?"

वर्ग फुटला. पोरगं लालभडक. सर हसले नाहीत. म्हणाले, "तुझी कुठं हाय?"

"टाकली, सर. वास मारत हुती."

"अरेरे. तीच तर बघायची होती. उद्या मागच्या पानावर लिहून आण, ती कशानं वास मारायला लागली असंल." त्या पोरानं चार पानं लिहून आणली. आज तो शिरवळला कारखान्यात माल तपासायच्या कामावर आहे. भेटला की म्हणतो, मामा, मी अजून मीठच शोधतोय.

एकदा सरांनी पोरांना गुऱ्हाळावर नेलं. मीही गेलो, पोरांना मोजायला. थंडीचे दिवस. रसाच्या मोठ्या काहिलीतनं वाफ इतकी की माणूस माणसाला दिसेना, नुसतं गोड गोड धुकं आणि आतून बोलणं. गूळ करणारा म्हातारा रस उकळताना त्यातला एक थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटानं दाबायचा आणि सांगायचा, झाला. सरांनी विचारलं, "कसं कळतं?"

"कळतं मला. चाळीस वर्सं हेच करतोय."

"आणि कितीदा चुकतं?"

मला वाटलं आता हा म्हातारा आम्हाला हाकलतोय. पण वाफेतनं आवाज आला, "धा काहिलीत एक बिघडती. पावसाळी हवा आसली तर दोन. बिघडली की मी भिताडावर कोळशानं खूण करतो." आणि खरंच भिंतीवर खुणा होत्या. सरांनी पोरांकडं वळून त्या दाखवल्या. "बघा. चुकलेलं मोजून ठेवणारा माणूस पहिल्यांदा बघताय तुम्ही. मीबी." म्हातारा लाजला. जाताना प्रत्येक पोराच्या हातावर त्यानं गरम गुळाचा खडा ठेवला.

आता माझ्या चौदा आकड्यांचं.

शाळेच्या कुंपणाला लागून माझं वीस गुंठे रान आहे आणि त्यात जुनी विहीर. आमच्या भागात कॅनॉलचं पाणी आलं, तेव्हा सरांच्या नववीच्या पोरांनी ठरवलं की कॅनॉल सुटल्यावर विहिरीचं पाणी चढतं का ते रोज मोजायचं. काठावर चुन्याची खूण केली. दोरीला दगड बांधला, दोरीवर सेंटिमीटरच्या खुणा. वाराला एक पोर, आणि वहीत वाराला एक पान. सोमवारचं पान प्रतीक्षाचं. ती या सगळ्यांची म्होरकी, बाप मिल्ट्रीत, पोरीचं बोलणंही तसंच हुकमी. रविवारी शाळा बंद, म्हणून सर म्हणाले, "हणमंतराव, विहीर तुमचीच हाय, रविवारचं तेवढं बघाल?" मी म्हणालो, बघतो की.

त्याच महिन्यात आमच्या मंडळींच्या पोटात गाठ निघाली. सुभद्रा तिचं नाव. औषधपाण्यासाठी तिला सांगलीला मुलीकडं ठेवलं. शनिवारी शाळा सुटली की मी एस.टी. धरायचो आणि रविवारी संध्याकाळी परत यायचो. म्हणजे रविवारी विहिरीवर मी नसायचोच. हे मी सरांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? बायकोचं दुखणं चारचौघांत काढायचं नाही, ही आमची पद्धत. आणि एवढ्याशा कामाला नाही म्हणायचं, तेही जमलं नाही.

सुभद्रा पूर्वेकडची, दुष्काळी भागातली. माहेर मेंढरामागं फिरणारं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा विहिरीत डोकावून बघत बसली होती, जेवायला उठेना. दर रविवारी मी गेलो की ती पडल्या पडल्या पहिलं विचारायची, "पाणी किती चढलं इहिरीला?"

मी म्हणायचो, "सा बोटं."

पुढच्या रविवारी परत, "आणि सा बोटं."

ती डोळे मिटायची. खिडकीतनं उन्हाचा पट्टा तिच्या पायावर यायचा, खाली गल्लीत भाजीवाला ओरडायचा, आणि आम्ही दोघं त्या न बघितलेल्या पाण्याकडं बघत बसायचो. ते पाणी मला खरंच दिसायचं. हिरवं, गार, पायरी पायरी वर येणारं. रात्री गावी आलो की वहीतल्या माझ्या पानावर मागच्या रविवारचा आकडा बघायचो आणि सहा बोटांचे दहा सेंटिमीटर धरून पाणी वर चढवायचो. लबाडी करतोय असं तेव्हा वाटायचंच नाही. तिला एक सांगायचं आणि वहीत दुसरं लिहायचं, ते मला खोटं वाटलं असतं. आता हे सांगून कोणाला पटंल?

संक्रांतीनंतर पोरांनी सगळी पानं एकत्र केली आणि मोठ्या कागदावर रेघ काढली. मी चहाची किटली घेऊन गेलो तर सगळी कागदावर वाकलेली. रेघ करवतीच्या दातांसारखी झाली होती. सहा दिवस सरळ, सातव्या दिवशी पाणी टणकन वर, दुसऱ्या दिवशी परत खाली. आणि दात आठवड्याला मोठा होत गेलेला.

प्रतीक्षानं उत्तर तयारच ठेवलं होतं. "सर, रविवारी लोक पाण्याच्या मोटारी चालवत न्हाईत. म्हणून पाणी चढतंय."

"छान. कुणी बघितलं?"

कोणीच नाही. पुढच्या रविवारी चार पोरं आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवर फिरून आली. मोटारी रोजच्यासारख्याच चालू. सोमवारी पडल्या तोंडानं तसं सांगितलं. मी परत किटली घेऊन उभा.

सर म्हणाले, "आता पाणी सोडा. आपल्याकडं बघा. रविवारी आपल्यात काय वेगळं असतं?"

पोरं वहीची पानं उलटायला लागली. मग प्रतीक्षाच म्हणाली, पण माझ्याकडं न बघता. "रविवारी मामा मोजत्यात." आणि जरा थांबून, "मामांचे सगळे आकडे शून्यावर संपत्यात, सर."

सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. एकदाही नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना कळलं होतं. मी गप्प बसलो असतो तर त्यांनी विषय बदलला असता, हे मी शपथेवर सांगतो. मी किटली खाली ठेवली.

"पोरांनो, म्या मोजलंच न्हाई. एकबी रविवार. मी सांगलीला असतोय."

एक पोरगी रडकुंडीला आली, कारण प्रदर्शन पंधरा दिवसांवर होतं. प्रतीक्षानं मात्र लगेच पेन उघडलं. "सर, मामांचे रविवार काढून टाकू या. कोणाला कळणार बी न्हाई. मामांचं नाव यायला नको."

"काढा," सर म्हणाले. "पण काढलं हे सांगा. आणि नाव कशाला? रविवारचं मोजलं गेलं नाही, बास. आता वही उलटी करा. चूक कुणाची लिहायची?"

सगळी माझ्याकडं बघायला लागली. सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर आधी स्वतःचं लिहिलं. एका माणसाला सुट्टीच्या दिवशी काम दिलं आणि जमतंय का हे एकदाही विचारलं नाही. मग पोरांना म्हणाले, "तुमचं?"

प्रतीक्षानं बराच विचार केला. "चौदा आठवडे आमी सोमवारच्या पानाशेजारी रविवारचं पान ठिवून बघितलंच न्हाई."

"लिही."

"आणि मामांचं?"

"मामांचं मामा बघतील."

सगळी गेल्यावर सर म्हणाले, "सांगलीला काय असतं, हणमंतराव?" तेव्हा मी सांगितलं. सगळं. सर रिकाम्या बाकावर बसून ऐकत राहिले. समजूत घातली नाही. मी घंटा द्यायला उठलो तर म्हणाले, "राहू द्या, मी देतो," आणि जाऊन त्यांनी घंटा दिली. पाच मिनिटं उशिरा दिली.

प्रदर्शनात आमच्या पोरांचा कागद तुटक तुटक रेघांचा. शेजारी एका शाळेचा ज्वालामुखी होता, त्यातनं लाल धूर यायचा, सगळी गर्दी तिकडं. तपासणारे साहेब आले. "हे मधे मधे तुटलंय का?"

"रविवारचं आमच्याकडं न्हाई, सर. का न्हाई ते मागच्या बाजूला लिहिलंय," प्रतीक्षा म्हणाली.

"मग निष्कर्ष काय?"

"कॅनॉल सुटल्यावर सहा आठवडे पाणी चढलं, पन्नास सेंटिमीटर. मग थांबलं. का थांबलं ते आम्हाला माहीत न्हाई."

साहेबांनी मान हलवली आणि ज्वालामुखीकडं गेले. बक्षीस त्यालाच. प्रतीक्षा मांडवाच्या मागं जाऊन रडायला लागली. सर भडंगाचा पुडा घेऊन तिथं गेले.

"कशासाठी रडतीयस ते आधी बघ. बक्षीस गेलं म्हणून, का काम वाईट झालं म्हणून?"

"बक्षीस गेलं म्हणून."

"मग रड थोडा वेळ. त्याला चालतं." आणि शेजारी बसून भडंग खात राहिले.

संध्याकाळी पोरांची गाडी निघायच्या आधी सर म्हणाले, वहिनींना भेटून येऊ. सुभद्रा त्यांना पाणी विचारणार, हे मला माहीत होतं. तिच्यात आता काही राहिलं नव्हतं. आणि न बघितलेलं बोलायचं नाही असा हा माणूस. जिन्यात मी त्यांचा हात धरला. "सर, एवढ्यापुरतं..." त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी हात सोडला.

तिनं विचारलंच. "सर, तुमी मोजताय म्हनं. पाणी किती हाय?"

सर खाली, तिच्या अंथरुणाशेजारी मांडी घालून बसले. "वहिनी, आज मी बघितलेलं नाही. पण पोरांनी मोजलंय ते सांगतो. हातभर चढलं. आणि गेले काही आठवडे तिथंच थांबलंय."

मी भिंतीकडं तोंड केलं. आणि मागं सुभद्रा हसली. आवाज फुटेना तरी हसली.

"आवं, मला ठावं हाय. ह्येंच्या हिशेबानं साडेतीन हात झालं. साडेतीन हात चढलं आसतं तर इहिरीच्या सगळ्या पायऱ्या बुडून पानी रानात याया पायजे हुतं. मी बोटावर धरत हुते की."

"मग बोलली का न्हाईस?" मी म्हणालो.

"तुमी सांगताना लय खूश असायचा. म्हटलं, सांगू द्या." मग सरांना म्हणाली, "हातभर बी लय झालं, सर. हातभर पान्यासाठी आमी मेंढरं घिऊन चालत गेलोय." आणि डोळे मिटले. या वेळी ती हातभरच पाणी बघत असणार. खरं.

होळीच्या आत ती गेली. सर आले, मातीला थांबले. पुढं दोन वर्षांनी ते रिटायर होऊन लोणंदला गेले. मीही रिटायर झालो. रविवार काय आणि सोमवार काय, सारखंच.

गेल्या थंडीत ऐकलं, सरांचं डोकं चालत नाही आता. मी गेलो लोणंदला. त्यांची सून दारातच हळू म्हणाली, "मामा, वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्या फार लक्षात राहत नाही." सर अंगणात खुर्चीवर उन्हात बसले होते. मला ओळखलं. हात धरला. कडेगावचं, शाळेचं, तुऱ्यांचं, काय काय विचारलं. मग म्हणाले, "वहिनी कशा आहेत?"

सुनेनं मागनं खूण केली, बऱ्या आहेत म्हणा. तिचं चुकत नव्हतं. मलाही ते सोपं होतं.

"गेली, सर. सहा वर्सं झाली."

त्यांचा चेहरा असा झाला की आत्ताच कोणी तार आणून दिली. "कधी? कशानं?" मी सांगितलं. ते रडले. चहा आला. चहा झाल्यावर परत, "वहिनी कशा आहेत?" मी परत सांगितलं, ते परत तसेच रडले. तिसऱ्यांदाही. सून घाबरून आत गेली. पण मला बरं वाटत होतं, काय सांगू. गावात तिच्यासाठी रडणारं आता कोणी उरलं नव्हतं. आणि इथं हा माणूस पहिल्या दिवसासारखा रडत होता, दर वेळी नव्यानं. मी दिवसभर सांगत बसलो असतो.

निघालो तर फाटकापर्यंत आले. काठी टेकत, ऊन डोळ्यांवर घेत उभे राहिले. मी रस्त्याला लागलो आणि मागून हाक आली.

"हणमंतराव, वहिनींना नमस्कार सांगा."

"सांगतो, सर," मी म्हणालो.

साताऱ्याच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलली तसा मी सुभद्राला तो सांगितला.